ऐन थंडीतला मध्य युरोप: प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट

लग्न डिसेंबरात झाले आणि लगोलग फिरायला जाण्याचा बेत नवऱ्याच्या कार्यालयातील वर्षअखेरीच्या कामांमुळे बारगळला. जानेवारीत त्याला एकाएकी फेब्रुवारीतील रजा मंजूर झाली, त्याच रात्री आम्ही विमानभाडी पाहिली आणि मुंबईहून प्रागला जाण्याचे व बुडापेस्टहून परतण्याचे भाडे मे महिन्यातील भाड्याच्या जवळपास निम्मे दिसताच फार खल न करता निघायचे ठरवले. अर्थात भारतीय पासपोर्टवर ‘मनात आले आणि निघालो’ असे युरोपला जाता येत नाही. बँकेची विवरणपत्रे, रजेचे पत्र, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आणि माझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा असल्यामुळे जोडलेला विवाह नोंदणीचा दाखला, एवढा कागदांचा गठ्ठा घेऊन आम्ही व्हिसाच्या खिडकीपुढे उभे राहिलो. ज्या देशात मुक्काम अधिक त्याच्याकडे अर्ज करायचा आणि मुक्काम सारखे असतील तर जिथे प्रथम उतरणार त्याच्याकडे, हा शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातील अनेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, नियम आम्हाला तिथेच पाठ झाला. आमचे तिन्ही मुक्काम सारखेच असल्याने अर्ज चेक प्रजासत्ताकाकडे केला. उन्हाळ्यात ज्या भेटीच्या वेळेसाठी आठवडेच्या आठवडे थांबावे लागते, ती या दिवसांत सहज मिळाली.

हीच तीन शहरे निवडण्यामागे भाड्याखेरीज आणखी एक कारण होते. १९१८ पर्यंत ही तिन्ही हॅब्सबर्ग घराण्याच्या एकाच साम्राज्यात होती आणि आज ती तीन देशांच्या राजधान्या असली, तरी रेल्वेने एकमेकांपासून जेमतेम अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहेत. एका शहरात उघडलेली गोष्ट दुसऱ्यात पुढे सरकते, हे आम्हाला वाटेतच उमगत गेले.

बुधवार, प्राग

दुपारी उतरलो तेव्हा तापमान शून्याच्या आसपास होते आणि पाचनंतर थोड्याच वेळात सूर्य मावळला. बस आणि मेट्रो यांना एकच तिकीट चालते, मात्र ते प्रवासाच्या सुरुवातीला पिवळ्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा लागतो, नाहीतर खिशात तिकीट असूनही दंड होतो. माला स्त्राना या किल्ल्याखालच्या जुन्या भागात, एरवी परवडले नसते असे निवासस्थान मिळाले होते. पहिल्या रात्री खोलीतील हीटर बंद पडला आणि मालकीणबाईंनी आणून दिलेल्या चार रजयांखाली आम्ही ती रात्र काढली. त्याआधी कोपऱ्यावरच्या खानावळीत मी, शाकाहारी असल्याने, ‘स्माझेनी सीर’ म्हणजे तळलेल्या चीजची वडी आणि उकडलेले बटाटे खाल्ले. प्रागमध्ये शाकाहारी माणसाचे हे हक्काचे जेवण असून पुढचे दोन दिवस मला त्यावरच निभवावे लागले.

गुरुवार, प्राग

सूर्योदय सव्वासातला असल्यामुळे फार लवकर न उठताही चार्ल्स पुलावरची पहाट गाठता येते, हा थंडीतल्या प्रवासाचा मोठाच फायदा आहे. वल्टावा नदीवरचा हा ५१६ मीटर लांबीचा दगडी पूल सम्राट चौथ्या चार्ल्सने १३५७ साली बांधायला घेतला. पायाचा दगड त्या वर्षीच्या ९ जुलैला पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी बसवला, असे प्रागमध्ये सांगितले जाते, कारण वर्ष, दिवस, महिना, तास आणि मिनिटे ओळीने लिहिली की १३५७९७५३१ ही उलटसुलट सारखीच वाचली जाणारी संख्या तयार होते. मुहूर्ताचा एवढा सोस पाहून मला आमच्या गुरुजींची आठवण झाली.

पुलावरच्या तीस पुतळ्यांपैकी सर्वांत जुना, १६८३ सालचा, संत यान नेपोमुक यांचा आहे. राजाच्या आज्ञेवरून त्यांना १३९३ मध्ये याच पुलावरून नदीत टाकण्यात आले होते. चौथऱ्यावरच्या काशाच्या पट्टीला हात लावला की प्राग पुन्हा पाहायला मिळते अशी समजूत असल्याने असंख्य हातांनी ती पट्टी सोन्यासारखी उजळली आहे. उन्हाळ्यात तिच्यापुढे रांग लागते म्हणे. त्या सकाळी तिथे आम्ही दोघे, कामावर निघालेले चार-सहा लोक आणि कठड्यावर बसलेले कुरव पक्षी एवढेच होतो. हातमोजा काढताना माझ्या चुड्याच्या काचेच्या बांगड्या इतक्या गार लागल्या की पट्टीला केलेला स्पर्श ओझरताच झाला.

जुन्या नगर चौकातील १४१० सालचे खगोलीय घड्याळ मात्र आम्ही निवांत पाहिले. दर तासाला सांगाडा घंटेची दोरी ओढतो, वरच्या झरोक्यांतून बारा प्रेषित फिरून जातात आणि जमलेले लोक टाळ्या वाजवून पांगतात. पण खरी गंमत तबकडीच्या बाहेरच्या कड्यात आहे. त्यावरील तास मध्यरात्रीपासून नव्हे, तर सूर्यास्तापासून मोजलेले आहेत, आणि दिवस लहानमोठा होईल तसे ते कडे हळूहळू सरकत राहते. आपल्याकडे घटका सूर्योदयापासून मोजत, इथे तास सूर्यास्तापासून मोजत. फेब्रुवारीतील तो लवकर मिटणारा दिवस अनुभवल्यावर इथल्या माणसाने सूर्यास्ताची एवढी दखल का घ्यावी, हे वेगळे सांगावे लागत नाही. घड्याळ बनवणाऱ्या कारागिराचे डोळे नगरपित्यांनी काढले, अशी एक कथा ऐकवली जाते. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याच्या कथेइतकीच तीही निराधार आहे.

घड्याळ ज्या इमारतीवर आहे तिच्याच कडेला फरसबंदीत पांढऱ्या दगडांचे २७ क्रूस बसवलेले आहेत. २१ जून १६२१ रोजी या ठिकाणी बोहेमियाच्या, म्हणजे चेक भूमीतील तेव्हाच्या राज्याच्या, २७ बंडखोर पुढाऱ्यांना मृत्युदंड देण्यात आला. माणसांच्या गर्दीत ते क्रूस पायांखाली झाकले जातात. आम्हाला ते एकेक करून मोजता आले.

शुक्रवार, प्राग

थंडीत प्रागच्या किल्ल्यातील दालने संध्याकाळी चार वाजता बंद होतात आणि दक्षिणेकडच्या बागा तर नोव्हेंबर ते मार्च उघडतच नाहीत. म्हणून सकाळीच वर गेलो. संत व्हिटस कॅथीड्रलची पायाभरणी १३४४ सालची असून ते पूर्ण झाले १९२९ साली, त्यामुळे एकाच छताखाली मध्ययुगीन खांब आणि अल्फोन्स मुखा या चित्रकाराने विसाव्या शतकात रंगवलेली काचेची खिडकी शेजारी शेजारी नांदतात. जुन्या राजवाड्यातील ज्या खिडकीतून १६१८ साली दोन कॅथलिक प्रांताधिकारी आणि त्यांचा चिटणीस यांना खाली फेकण्यात आले, तिच्यासमोर नवरा बराच वेळ थांबला होता. तिघेही वाचले. कॅथलिक म्हणाले देवदूतांनी झेलले, प्रोटेस्टंट म्हणाले उकिरड्यावर पडले. त्या प्रसंगातून पेटलेले युद्ध पुढे तीस वर्षे चालले आणि आदल्या दिवशी मोजलेले क्रूस हा त्याचाच सुरुवातीचा अध्याय होता.

दुपारी योसेफोव्ह या ज्यूंच्या जुन्या वस्तीत गेलो, कारण शनिवारी ती स्थळे बंद असतात. तारीख १४ फेब्रुवारी होती. लग्नानंतरचा पहिला व्हॅलेंटाइन दिवस स्मशानभूमीत घालवणारे जोडपे विरळाच असेल, पण प्रागमधील जी जागा मला सर्वांत खोलवर भिडली ती हीच. शतकानुशतके ज्यूंना मृतांसाठी याहून अधिक जमीन मिळाली नाही, म्हणून जुन्या कबरींवर माती टाकून नव्या कबरी, त्यांवर पुन्हा माती आणि पुन्हा कबरी, असे थरावर थर चढत गेले. प्रत्येक वेळी खालचे शिलालेख उचलून वर रोवल्यामुळे आज हजारो दगड एकमेकांना खेटून, काही पुढे, काही मागे कलून उभे आहेत. सर्वांत जुना दगड १४३९ सालचा आहे. आशीर्वादासाठी उचललेले दोन पंजे म्हणजे पुरोहित घराणे आणि पाण्याचा घडा म्हणजे त्यांचे हात धुणारे लेवी कुळातील लोक, अशी कोरीव चिन्हे ओळखू येऊ लागली की त्या दाटीतही माणसे वेगळी दिसू लागतात. दगडांच्या माथ्यावर लोकांनी ठेवलेले खडे बर्फाने चिकटून बसले होते.

शेजारच्या पिंकास प्रार्थनागृहाच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया आणि मोराव्हियातील सुमारे ७८ हजार ज्यूंची नावे बारीक अक्षरांत हाताने लिहिलेली आहेत. आडनाव एकदा, त्यापुढे घरातील एकेकाचे नाव आणि तारखा, असा तो मजकूर वाचताना कुठे थांबावे ते कळत नाही. वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या नाझी छावणीतील मुलांनी काढलेली चित्रे आहेत. त्यानंतर आम्ही काही पाहिले नाही. नदीकाठी उभ्याने गरम मसालेदार वाइन घेतली आणि खोलीवर परतलो.

शनिवार, प्राग ते व्हिएन्ना

सुमारे चार तासांचा रेल्वेप्रवास. ब्रनोपर्यंत बर्फाने माखलेली शेते, नंतर सपाट प्रदेश. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी या गाडीत संपली. व्हिएन्नात सामान टाकून तडक सरकारी ऑपेरागृहाकडे धावलो, कारण तिथे वीस युरोंच्या आत उभ्याने ऑपेरा पाहण्याची तिकिटे मिळतात. १८६९ साली उघडलेली ही इमारत मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली आणि १९५५ साली पुन्हा सुरू झाली. उभ्याच्या जागेचा रिवाज असा की कठड्याला आपला मफलर बांधला की ती जागा आपली. मग खुशाल पाय मोकळे करून या, कोणी हात लावत नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आम्हाला ही पद्धत समजावून सांगावी लागली नाही. पहिल्या अंकात नवऱ्याने दोनदा घड्याळ पाहिले. तिसऱ्या अंकात मीच पाय दुखतात म्हणून बाहेर चलण्याविषयी सुचवले, तर तो हलायला तयार नव्हता.

रविवार, व्हिएन्ना

रविवारी व्हिएन्नातील दुकाने बंद असतात, म्हणून तो दिवस आम्ही कलाइतिहास संग्रहालयाला दिला. थंडीत अशा प्रत्येक ठिकाणी कोट, टोपी आणि मफलर ठेवघरात द्यायचे, बिल्ला घ्यायचा आणि निघताना पुन्हा सारे अंगावर चढवायचे. नवखेपणी याला वैताग येतो आणि नंतर हाताला वळण पडते. जगात पीटर ब्रॉयगलची चित्रे सर्वाधिक संख्येने याच संग्रहालयात आहेत. त्याचे १५६५ सालचे ‘बर्फातील शिकारी’ पाहायला उन्हाळ्यात माणसांच्या खांद्यांवरून डोकवावे लागत असणार. आम्हाला त्याच्यासमोर बाकावर हवा तेवढा वेळ बसता आले. तीन शिकारी पाठमोरे परत येत आहेत आणि एवढ्या मोठ्या कुत्र्यांच्या कळपाची कमाई म्हणजे एकाच्या भाल्याला लटकलेला एक कोल्हा. कुत्री माना खाली घालून चालतात. खानावळीची पाटी एका आकड्यावर तिरकी लोंबते आहे. खाली गोठलेल्या तळ्यांवर ठिपक्याएवढी माणसे घसरगुंडी खेळतात आणि उजव्या कोपऱ्यातील पाणचक्कीचे चाक बर्फाने जखडले आहे. बाहेरची थंडी अंगावर घेऊन आलेल्या माणसाला त्या बर्फाचा हिरवट करडा रंग खोटा वाटत नाही. याच मालिकेतील ‘उदास दिवस’ हे चित्र तर फेब्रुवारीच्या सुमाराचेच असून त्यात कागदी मुकुट घातलेले एक मूल दिसते, कारण ते दिवस लेंटच्या उपवासांपूर्वीच्या कार्निव्हलचे आहेत. बाहेर पडलो तर बेकऱ्यांच्या काचांमागे त्याच सणाचे क्राप्फेन, म्हणजे जर्दाळूचा मुरंबा भरलेले तळलेले गोळे, रचून ठेवलेले होते.

दुपारी संत स्टीफन कॅथीड्रलच्या दक्षिण मनोऱ्याच्या ३४३ पायऱ्या चढलो. १६८३ साली तुर्कांनी व्हिएन्नाला दोन महिने वेढा घातला होता. तो १२ सप्टेंबरला पोलंडचा राजा यान सोबिएस्की आणि त्याच्या मित्रसैन्याने उठवला. मागे राहिलेल्या तोफा वितळवून ओतलेली ‘पुमेरीन’ ही प्रचंड घंटा १९४५ च्या आगीत कोसळली आणि तिच्याच धातूतून आताची घंटा घडवली गेली. वेढ्याच्याच वर्षी, १६८३ च्या अखेरीस, छत्रपती संभाजी महाराज गोव्यात पोर्तुगिजांशी लढत होते, हे नवऱ्याने मनोऱ्यावर दम खात असताना सांगितले. तुर्कांनी टाकलेल्या कॉफीच्या पोत्यांतून इथली पहिली कॉफीशाळा निघाली, ही गोष्ट सगळे सांगतात. कागदोपत्री मात्र तो परवाना १६८५ साली योहान्नेस दिओदातो या आर्मेनियन व्यापाऱ्याला मिळाला. कॉफीशाळेत चांदीच्या तबकात कॉफीबरोबर पाण्याचा पेला येतो, वर्तमानपत्रे लाकडी दांडीला अडकवलेली असतात आणि एका कपावर तीन तास बसलात तरी वेटर ‘आणखी काही?’ असे विचारत घिरट्या घालत नाही. बाहेर अंधार पडलेला असताना आम्ही तिथे लग्नाच्या खर्चाचा राहिलेला हिशेब पूर्ण केला. एरवी तो करायला आम्हाला वेळच मिळाला नव्हता.

सोमवार, व्हिएन्ना

संग्रहालय सोमवारी बंद असते, पण शोनब्रुन राजवाडा रोज उघडा असतो. १,४४१ खोल्यांपैकी मोजक्याच दाखवतात. आरसे दालनात सहा वर्षांच्या मोत्सार्टने १७६२ साली मारिया थेरेसा राणीपुढे वादन केले आणि निळ्या चिनी दालनात ११ नोव्हेंबर १९१८ रोजी शेवटचा सम्राट कार्ल याने राज्यकारभारातून दूर होण्याच्या पत्रावर सही केली.

मला मात्र ‘मिलियन्स रूम’ नावाच्या दालनाने थांबवले. भिंतींच्या शिसवी तावदानांत सोनेरी चौकटी आहेत आणि त्यांत बसवलेली चित्रे चक्क आपल्या मुघल दरबारातील लघुचित्रे आहेत. राजघराण्यातील मंडळींनी ती कापून, तुकडे जुळवून, चौकटीच्या वेड्यावाकड्या आकारात बसतील अशी चिकटवली. त्यामुळे एका चित्रातील शिकारी दुसऱ्यातील बागेत शिरला आहे. कोणा चित्रकाराने एका केसाच्या कुंचल्याने महिनोन्महिने रंगवलेली ती पाने अशी कात्रीखाली गेलेली पाहून मला मनापासून राग आला. नवऱ्याचे म्हणणे पडले की चिकटवली म्हणून तर शाबूत राहिली. हा वाद मागच्या टेकडीवरील ग्लोरिएट या कमानींच्या वास्तूपर्यंत चालला. बागेतील कारंजी कोरडी होती, झाडे खराट्यासारखी होती, आणि त्यामुळेच रेषेत आखलेल्या त्या बागेचा आराखडा वरून एखाद्या नकाशाइतका स्वच्छ दिसत होता.

मंगळवार, व्हिएन्ना ते बुडापेस्ट

अडीच-पावणेतीन तासांत गाडी केलेती स्थानकात शिरली. चलन पुन्हा बदलले, फोरिंटचे हजारांतले आकडे पाहून पहिले काही तास आम्ही उगाचच श्रीमंत होतो. ३० जानेवारी १९१३ रोजी चित्रकार अमृता शेरगिल यांचा जन्म याच शहरात झाला. त्यांच्या आई हंगेरियन होत्या. संध्याकाळी बुडाच्या काठावरून समोरच्या संसदभवनाची दिव्यांची रांग डॅन्यूबच्या पाण्यात पाहिली आणि बोचऱ्या वाऱ्यामुळे दहा मिनिटांत ट्राममध्ये परत चढलो.

बुधवार, बुडापेस्ट

१९ फेब्रुवारी, शिवजयंती. त्या दिवशी एखादा गड चढायचा हा नवऱ्याचा जुना नेम असल्याने आम्ही बुडाच्या किल्ल्याची टेकडी पायीच चढलो. हा किल्ला १५४१ ते १६८६ तुर्कांच्या ताब्यात होता आणि त्या काळात मॅथियास चर्चची मशीद झाली होती. याच चर्चमध्ये १८६७ साली फ्रान्त्स योसेफला हंगेरीचा राजा म्हणून मुकुट चढवला गेला. साम्राज्य ऑस्ट्रिया-हंगेरी असे जोडनावाचे झाले ते तेव्हापासून. बुडा, पेस्ट आणि ओबुडा मिळून एक शहर झाले १८७३ मध्ये, तर दोन्ही काठ जोडणारा साखळी पूल त्याआधीच, १८४९ साली, तयार झाला होता. आम्ही तो पायी ओलांडून पेस्टला आलो.

संसदभवनापासून थोड्या अंतरावर, अगदी पाण्याच्या काठाला, लोखंडी जोड्यांचे स्मारक आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात अ‍ॅरो क्रॉस या हंगेरियन फॅसिस्ट टोळ्यांनी ज्यूंना इथे उभे करून गोळ्या घातल्या आणि देह नदीत जाऊ दिले. जोडे मौल्यवान होते, म्हणून ते आधी काढायला लावले. २००५ साली दगडी काठावर बसवलेले साठ जोड त्या काळातील घडणीचे आहेत: पुरुषांचे बूट, बायकांच्या टाचांच्या चपला, आणि मध्येच मुलांचे लहान जोडे. एका लहान बुटात पाणी साचून गोठले होते आणि कोणी ठेवलेले फूल त्या बर्फात अडकले होते. आमच्या अंगावर चार थर कपडे आणि पायांत लोकरीचे मोजे होते. अनवाणी उभे राहणे म्हणजे काय, हे जूनच्या उन्हात मला एवढे कळले नसते.

गुरुवार, बुडापेस्ट

१८९६ साली सुरू झालेली, युरोपच्या मुख्य भूमीवरील पहिली भुयारी रेल्वे आजही रोजच्या वापरात आहे. तिची पिवळी बुटकी गाडी आणि पांढऱ्या फरशांची स्थानके पाहत आम्ही सेचेनी स्नानगृहाला गेलो. १९१३ साली उघडलेल्या या स्नानगृहात जमिनीखालून आलेले उष्ण पाणी वापरतात आणि बाहेरच्या उघड्या कुंडात ते सुमारे ३८ अंशांवर ठेवलेले असते. कपडे बदलण्याच्या खोलीच्या दारापासून कुंडापर्यंतची वीस पावले गोठलेल्या फरशीवरून ओल्या पायांनी तोंडाने अखंड ‘आई गं’ म्हणत पार करावी लागली, आणि मग गळ्यापर्यंत पाण्यात शिरलो. वाफ इतकी की पलीकडची पिवळी इमारत दिसत नव्हती. आमच्याशेजारी दोन आजोबा छातीएवढ्या पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळत होते, त्यांच्या भुवयांवर दव जमले होते, आणि भोवती जमलेले चार-पाच जण प्रत्येक खेळीवर आपले मत देत होते. तो त्यांचा रोजचा अड्डा असावा. आम्ही दोन तास पाण्यात होतो आणि बाहेर पडल्यावर गरम गरम लांगोश, म्हणजे लसूण लावून वर आंबट साय आणि किसलेले चीज घातलेली तळलेली पोळी, दोघांत एक घेतली, मग आणखी एक घेतली.

शुक्रवार, परतीचा दिवस

विमान दुपारचे असल्याने सकाळी १८९७ सालच्या मोठ्या मंडईत उरलेले फोरिंट संपवायला गेलो. लोखंडी कमानींखाली लाल मिरच्यांच्या माळा टांगलेल्या होत्या. मिरची अमेरिकेतून निघाली आणि गोव्यात पोर्तुगिजांनी आणली, तर हंगेरीत ती तुर्कांच्या वाटेने पोचली असे मानतात. सेगेद गावच्या पाप्रिकातून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळे काढणाऱ्या आल्बर्ट सेंट-ज्योर्जी यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दुकानदारीण बाईंनी गोड आणि तिखट अशा दोन पुड्यांचा वास घ्यायला लावला आणि तिखटाच्या पुडीकडे बोट दाखवून काळजीने मान हलवली. आम्ही तीच घेतली. पुण्यात सासूबाईंनी ती आमटीत दोन चमचे घालून पाहिली आणि ‘रंग सुरेख आहे, तिखट कुठे आहे?’ असे विचारून आपला नेहमीचा डबा खाली काढला.